ठाणे पूर्वेतलं खाऱ्या पाण्याचं दुकान: सव्वा वर्षाचा अनुभव

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचे मासे, कोळंब्या विकणाऱ्या या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती कोळंबी घ्यायलाच. थर्माकोलचा डबा, सुटे पैसे, सगळी तयारी करून. मालकाने विचारलं, "ताई, टँक कधी लावलाय?" म्हटलं, तीन आठवडे झाले. "घरचं पाणी आणलंय का बाटलीतून?" नव्हतं आणलं. मग त्याने काहीही विकलं नाही. पाणी घेऊन या, तपासून सांगतो, म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या दिवशी मला राग आला होता. आज हे लिहायला बसलेय ते त्याच गोष्टीसाठी.

दुकान स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका गल्लीत. पाटीवर नुसतं 'अ‍ॅक्वेरियम' लिहिलंय, आणि पुढून पाहिलं तर गोल्डफिश आणि गप्पीच दिसतात. खाऱ्या पाण्याचा भाग मागच्या खोलीत. पडदा बाजूला केला की निळा उजेड आणि समुद्राचा वास, अगदी भरतीच्या वेळी गुहागरच्या किनाऱ्यावर येतो तसा. माझं आजोळ तिकडचं. खडकांतल्या डबक्यात हात घालून शंखातले खेकडे काढण्यात माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या. म्हणून मला टँकमध्ये रंगीत माशांपेक्षा हे असले जीव जास्त हवे होते.

आधीचा अनुभव सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय या दुकानाची किंमत कळणार नाही. माझा पहिला टँक दुसऱ्या एका दुकानाच्या सल्ल्याने लागला होता. क्लाउनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा तिथून एक निळं औषध मिळालं. "कोळंबीला चालेल ना?" असं मी दोनदा विचारलं. "सगळ्याला चालतं." दुसऱ्या दिवशी सकाळी सात गोगलगायी उलट्या पडलेल्या आणि क्लीनर कोळंबी दगडामागे आडवी. औषधात तांबं होतं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, पण पाण्यात मिसळलेलं तांबं मात्र थोडंसुद्धा तिला मारून टाकतं. मासे वाचले. पण तांबं दगडांत आणि वाळूत मुरतं आणि नंतर महिनोन्‌महिने पाण्यात उतरत राहतं, म्हणून मी दगड, वाळू, सगळं टाकून नव्याने सुरुवात केली. मासे तेवढ्या काळात एका ओळखीच्यांच्या टँकमध्ये राहिले.

तर हा दुसरा टँक. 60 लिटरचा, दगड आणि वाळू वगळता पाणी साधारण 50 लिटर. बाटली घेऊन परत गेले तेव्हा मालकाने काचेच्या नळीत थेंब टाकून रंग दाखवला. अमोनिया नसेल तर रंग पिवळा यायला हवा, माझा हिरवट आला. मासे आणि कोळंबी यांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर पुरेसे वाढेपर्यंत टँक रिकामाच ठेवायचा. मला सात आठवडे लागले. त्या काळात त्याने मला फक्त मीठ आणि चाचणीचा एक संच विकला. आरओचं पाणी घरचंच होतं.

मग पहिली खरेदी: चार ट्रोकस गोगलगायी, तीन नासारियस, दोन हर्मिट, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. ट्रोकसच का, हे त्याने हातात धरून दाखवलं. वाळूवर उलटी ठेवली. अर्ध्या मिनिटात तिने पाय बाहेर काढला, वळवला, टेकवला आणि स्वतःला सरळ केलं. अ‍ॅस्ट्रिया जातीच्या गोगलगायीला हे सहसा जमत नाही. रात्री काचेवरून पडली आणि कुणी पाहिलं नाही तर तशीच मरते. नासारियस दिवसभर वाळूत पुरलेल्या असतात, फक्त सोंडेसारखी नळी वर. खाऊचा दाणा पाण्यात पडला की दोन मिनिटांत तिन्ही वाळू फोडून वर येतात. माझा भाचा हे बघायलाच रविवारी येतो. हर्मिट घेताना त्याने मूठभर रिकामे शंख फुकट दिले. वाढत्या खेकड्याला मोठं घर लागतं, आणि रिकामं मिळालं नाही तर तो गोगलगायीला मारून तिचं घर घेतो.

आता जे खरं सांगायचंय ते. दुकानातून निघताना प्रत्येक पिशवीवर तो मार्करने एक आकडा लिहितो. माझ्या पिशवीवर 33 होतं. हा त्याच्या टँकचा खारटपणा (किलोभर पाण्यात इतके ग्रॅम मीठ), रिफ्रॅक्टोमीटरवर त्याच वेळी माझ्यासमोर मोजलेला. माझ्या टँकचा 35. मासा हा फरक काही प्रमाणात सोसतो. कोळंबी, गोगलगायी, तारामासे यांच्या अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्याबरोबरच बदलतं, अचानक बदल झाला की पेशीच कोलमडतात. म्हणून थेंबाथेंबाने. पिशवीतलं पाणी आणि जीव बादलीत काढायचे, टँकमधून बारीक नळी लावायची, नळीला सैल गाठ मारायची म्हणजे सेकंदाला दोन-तीन थेंब पडतात. पाणी तिप्पट झालं की झालं. मला दीड तास लागला. आधीच्या दुकानात पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा आणि सोडा एवढंच सांगितलं होतं. पाण्याचं तापमान तेवढ्यात सारखं होतं, खारटपणा नाही. आकडा पिशवीवर लिहिलेला असला की किती वेळ द्यायचा हे घरी आपलं आपल्याला कळतं. इतर कुठल्याही दुकानात मी हे पाहिलेलं नाही, आणि प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या महिन्यात क्लीनर कोळंबी, दोन. लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, मिशा पांढऱ्या, शरीराहून लांब. एकीचे दीड हजार रुपये. महाग आहेत, कबूल. दर चार-पाच आठवड्यांनी कात टाकतात. पहिल्यांदा सकाळी ती पारदर्शक, डोळ्यांसकट पूर्ण कात दगडाला अडकलेली पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. कोळंबी मेली असंच वाटलं. दुकानात फोन केला. "ताई, मोजा. तीन दिसतायत ना?" दिसत होत्या. दोन जिवंत आणि एक कात. नवं कवच कडक होईपर्यंत ती दोन दिवस आत लपून बसते, त्या दिवसांत टँकमध्ये हात घालू नये हेही त्यानेच सांगितलं.

एका गोगलगायीच्या शंखावरून आयप्टेशिया आला. छोटा तपकिरी, काचेच्या फुलासारखा दिसणारा समुद्रफुलाचा प्रकार. एकाचे महिन्यात नऊ झाले. हा त्याच्याच टँकमधून आला, त्यामुळे ही तक्रार त्याच्याकडेच नेली. त्याने वाद घातला नाही. पेपरमिंट कोळंबी अर्ध्या किमतीत दिली, कारण ती हा आयप्टेशिया खाते. देताना शेजारच्या टँकमधली कॅमल कोळंबीही दाखवली. दोन्ही लाल पट्ट्यांच्या, पण कॅमलच्या लाल पट्ट्यांमध्ये ठळक पांढऱ्या रेषा असतात, डोळे मोठे आणि पाठीला कुबड. अनेक ठिकाणी हीच पेपरमिंट म्हणून गळ्यात मारली जाते. ती आयप्टेशियाला तोंड लावत नाही, टँकमधले मऊ प्रवाळ मात्र कुरतडते. माझ्या दोन पेपरमिंटनी तीन रात्रींत नऊपैकी सात साफ केले. उरलेले दोन सहाव्या रात्री.

सगळ्यात आवडती खरेदी म्हणजे टायगर पिस्टल कोळंबी आणि तिच्यासोबतचा छोटा गोबी मासा. विकण्याआधी त्याने विचारलं, दगड वाळूवर ठेवलेत की काचेवर? ही कोळंबी दगडाखाली बोगदा खणते, दगड वाळूवर असला तर तो खाली बसतो आणि ती चिरडते. घरी जाऊन मी दगड उचलून काचेवर टेकवले, मगच आणली. तिची नजर अधू. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, ती वाळू बाहेर ढकलताना एक मिशी सतत त्याच्या अंगावर टेकवून असते. गोबीने शेपटी हलवली की क्षणात दोघे आत. मोठा पंजा मिटवते तेव्हा पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा टक्क असा आवाज येतो. पहिल्या रात्री मला काच तडकल्यासारखं वाटलं. दिवा लावून सगळे कोपरे तपासले.

त्याने नाकारलेल्या गोष्टींचीही नोंद करते. हार्लेक्विन कोळंबी मागितली होती, तिच्या जांभळ्या ठिपक्यांसाठी. ती फक्त तारामासे खाते. "दर महिन्याला तिला तारामासा द्याल का?" नाही म्हटलं, त्यानेही दिली नाही. एका माणसाने माझ्यासमोर 'खरं कोरल' आणि समुद्री घोडा मागितला. प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालकाने दोन वाक्यांत सांगितलं आणि विषय संपवला.

उणिवाही आहेत. मालक नसताना मदतनीस मुलगा ऐकून न घेता विकतो. त्याने मला एकदम सहा गोगलगायी आणखी दिल्या, टँकमध्ये तेवढं शेवाळ नव्हतं, तीन उपासमारीने गेल्या. सोमवारी बंद असतं हे कुठेही लिहिलेलं नाही. गल्लीत गाडी लावता येत नाही. आणि कोळंब्या बहुतेक परदेशातून चेन्नईमार्गे येतात, हे मला सलतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक स्त्रियांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलंय. तसा माल मागवा, असं मी मालकाला दर वेळी म्हणते. मिळाला की सर्वात आधी तुम्हाला फोन करतो, असं तो म्हणाला आहे.

मे महिन्याबद्दल एक. त्याने चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, गळ्यात न मारता पाण्यावर वारा घालणारा पंखा सुचवला. आठशे रुपये. पाणी 30 अंशांवरून 27 वर आलं. पण पंख्यामुळे रोज लिटरभर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. आठवडाभर भर घातली नाही तर खारटपणा 35 चा 40 होतो. भर घालायची ती गोड्या पाण्याची, मिठाच्या नाही. हे वाक्य त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

जायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी माल येतो, पण शनिवारी जा. दोन दिवस त्याच्या पाण्यात टिकलेले जीवच घ्या, तोही तेच सांगतो. सोबत टँकच्या पाण्याची बाटली न्या. माझ्या दोन्ही क्लीनर कोळंब्यांच्या पोटाखाली या आठवड्यात हिरवट अंडी दिसतायत. या जातीत प्रत्येक कोळंबी नर आणि मादी दोन्ही असते, म्हणून कुठल्याही दोघींची जोडी जमते. पिल्लं दिवे मालवल्यावर सुटतात आणि टँकमध्ये जगणं जवळजवळ अशक्यच. तरी मी गाळणीच्या तोंडाला स्पंज बांधून ठेवलाय.