लिंबाच्या खैऱ्यासाठी सिंहगड रोडची नर्सरी, नक्की जा

गच्चीतल्या कागदी लिंबाच्या पानांवर खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं वलय, आधी एका दुकानात बुरशी म्हणून औषध गळ्यात मारलं, काहीच फरक नाही. मग सिंहगड रोडवरच्या या नर्सरीत पान पिशवीत बांधून नेलं. काकांनी भिंगाखाली धरून लगेच सांगितलं, हा खैऱ्या रोग, करणारा झँथोमोनास नावाचा बॅक्टेरिया. आणि मग अर्धा तास इतकं मस्त समजावलं ना! पावसाच्या थेंबातून तो पानाच्या छिद्रांतून आत शिरतो, झाड त्याच्या शेपटीचं प्रोटीन ओळखून सावध होतं, पण हा सुईसारख्या नळीतून स्वतःची प्रोटीनं थेट पेशीत सोडतो, त्यातलं एक झाडाच्याच डीएनएवर बसून एक जीन चालू करतं, म्हणून पेशी फुगतात नि फोड फुटून जंतू बाहेर पडतात, म्हणजे झाडाच्याच हातून स्वतःचं नुकसान करवून घेतो, ऐकून अंगावर काटाच आला. रोगट फांद्या छाटून जाळायच्या, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसायची, कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारायचं, एवढंच सांगितलं, महागडं काही विकलं नाही. नवी पालवी स्वच्छ आलीय. पार्किंगचे हाल आहेत, रविवारी जाऊ नका.