बिल्ट-इन ओव्हनसाठी करून घेतलेले कपाट : तीन ऋतूंच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपूर्वी बडोद्यात कारेलीबागेतील आमच्या घरी बिल्ट-इन ओव्हन बसवला आणि त्याचे उभे कपाट सुताराकडून घरीच करून घेतले. हिवाळ्यातील नानकटाई, मे महिन्यातील इथला उकाडा आणि आता पावसाळा, असे तिन्ही ऋतू या कपाटाने पाहिले आहेत. ओव्हन निवडताना माणूस महिनाभर विचार करतो आणि कपाट मात्र सुतारावर सोपवून मोकळा होतो. पण ओव्हन किती वर्षे नीट चालेल, हे बरेचसे त्या कपाटात हवा कशी खेळते यावर ठरते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पहिली गाठ मापाशी पडते. ओव्हनसोबत आलेल्या पुस्तिकेत गाळ्याची, म्हणजे ओव्हन बसतो त्या पोकळीची, रुंदी ५६० ते ५६८ मिलिमीटर, उंची ५९० ते ६०० आणि खोली किमान ५५० अशी दिली होती, तर आमचे मिस्त्री इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांत मोजणारे. सवयीप्रमाणे कपाट बाहेरून २४ इंच, म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर धरले, तर १९ मिलिमीटरच्या दोन बाजू वजा जाता आत ५७२ उरतात. ओव्हन सैल बसतो आणि त्याचे स्क्रू फळीच्या अगदी कडेला येतात. म्हणून बाहेरचे माप २३ इंच ५ सूत, म्हणजे बरोबर ६०० मिलिमीटर ठेवले. आतल्या दोन्ही बाजूंना ०.८ मिलिमीटरचे लॅमिनेट चिकटवल्यावर ५६२ चे जेमतेम पाचशे साठ राहतात, हेही आधीच हिशेबात धरावे लागते. कागदावर हे किरकोळ वाटते, पण आमच्या जुन्या भिंती कुठे गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात? कपाट भिंतीला ठोकताना किंचित जरी तिरके झाले, तरी गाळा कर्णात आवळतो. मिस्त्रींनी दोन्ही कर्ण टेपने मोजून ते सारखे आल्यावरच शेवटचे स्क्रू पिळले, आणि ओव्हन कुठेही न घासता आत गेला.

लाकडाबाबत तडजोड केली नाही. आयएस ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन, प्लायवूड आणि वर साधे लॅमिनेट एवढेच घेतले. एका तयार स्वयंपाकघरांच्या दुकानात पार्टिकल बोर्डवर पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेली चकचकीत दारे सुचवली होती. लगतचे फर्निचर आणि त्याचा गोंद ९० अंश सेल्सिअस सोसणारा असावा, असे पुस्तिकेतच लिहिलेले असल्याने मी तो मोह टाळला. असा पापुद्रा उष्णतेने कडांपाशी सुटतो. ओव्हन सुमारे ३५ किलोचा आहे. त्याचा भार स्क्रूंवर नव्हे, तर खालच्या फळीवर आणि तिला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या जाड पट्ट्यांवर आहे. समोरचे स्क्रू फक्त ओव्हन पुढे कलू नये यासाठी असतात. ते प्लायच्या कडेत जात असल्याने आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर थर फाटतात.

आता हवेविषयी. ओव्हनमधील थंडावा देणारा पंखा कपाटातील हवा ओढून ती नियंत्रणपट्टी आणि दार यांच्यामधल्या फटीतून पुढे फेकतो. ही हवा खालून यावी यासाठी गाळ्याला मागची फळी मुळीच लावलेली नाही, खालची फळी मागून ५० मिलिमीटर कापली आहे आणि तळाच्या स्कर्टिंगला लांबट झरोका ठेवला आहे. कपाटाच्या माथ्यावरही तेवढीच जागा मोकळी आहे. मागे फळी नाही म्हणजे कपाट अर्धवट झाले, असे आमच्या मिस्त्रींचेच काय, घरातल्या वडीलधाऱ्यांचेही मत होते. हांडवा १८० अंशांवर पाऊण तास भाजल्यानंतरही ओव्हनखालच्या खणातील डबे नुसते कोमट लागतात, हे पाहून तो विषय मिटला. ओव्हन बंद केल्यानंतरही पंखा काही वेळ चालू राहतो. त्या वेळी मुख्य स्विच बंद करायचा नाही, हे मात्र घरात प्रत्येकाला सांगावे लागले.

वीजजोडणी सोपी आहे. ओव्हनचा कमाल भार ३.१ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला साडेतेरा अँपिअर होतो. त्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर ओढली आणि १६ अँपिअरचा सॉकेट शेजारच्या खणात बसवला. ओव्हनच्या पाठीमागे सॉकेट असला, तर ओव्हन पूर्ण आत जात नाही आणि प्रसंगी प्लगपर्यंत हातही पोहोचत नाही.

तक्रारी दोनच. उघड्या पाठीमुळे पावसाळ्यात झुरळांना आयता रस्ता मिळाला. झरोक्याला स्टीलची जाळी लावल्यावर त्रास कमी झाला, पण जाळीवर धूळ आणि तेलकटपणा साचून हवा अडते, त्यामुळे ती स्क्रूने काढता येईल अशीच बसवावी. दुसरी तक्रार वरच्या खणाच्या दाराची आहे. भाजणे चालू असताना ओव्हनचे दार फटीएवढे उघडले, की वाफ थेट त्या दाराच्या खालच्या कडेवर आदळते, आणि तिथली एजबँड (कडेला चिकटवलेली पट्टी) एका कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढी उचलली गेली आहे. मिस्त्री पुन्हा चिकटवून देणार आहेत, पण मी त्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी मारायला सांगितली आहे.