स्पेनमधलं कापिलेइरा: माणदेशी माणसानं बघावंच असं डोंगरातलं गाव

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई स्पेनला जाऊन आलो. धाकटा भाऊ ग्रानादाला शिकायला आहे त्यामुळे निम्मी सोय तिथंच होती. आल्यापासून सगळे विचारतायत काय काय बघितलं, तर आल्हाम्ब्राचा राजवाडा बघितला, माद्रिद बघितलं, सगळं छानच आहे, पण त्याबद्दल कुठंही वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते कापिलेइरा नावाच्या डोंगरातल्या एका छोट्या गावाबद्दल, कारण साताऱ्याकडचं आणि त्यातही माण-खटाव किंवा तिकडं सांगलीत जत-आटपाडीकडचं कोणी स्पेनला जाणार असेल तर त्यानं एक दिवस कमी खरेदी करावी पण हे गाव चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं सांगते.

आधी गाव कुठं आहे ते. ग्रानादा शहराच्या मागं सिएरा नेवादाचे डोंगर आहेत, त्यांना वळसा घालून दक्षिणेकडच्या उतारावर गेलं की जो भाग लागतो तो आल्पुहारा. तिथं पोकेइरा नावाची खोल दरी आहे आणि दरीच्या एका अंगाला एकावर एक तीन गावं बसलीयेत, खाली पांपानेइरा, मध्ये बुबियोन आणि सगळ्यात वर कापिलेइरा. कापिलेइराची उंची १४३६ मीटर, म्हणजे बरोबर आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉईंटएवढी (तो १४३९), आणि मागं मुलासेन शिखर आहे ते जवळजवळ ३४८० मीटर. ग्रानादाच्या बस स्टँडवरून थेट बस आहे, अडीच तास लागतात, दिवसातून मोजक्याच गाड्या असतात म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. शेवटचा तासभर पसरणीचा घाट सरळ वाटावा असा रस्ता आहे, बस लागत असेल तर गोळी घेऊनच बसा, आईनं आलेपाकाची वडी तोंडात धरून काढला सगळा घाट.

आता खरी गोष्ट. कापिलेइराच्या वरच्या अंगाला रस्त्यावर उभं राहिलं की सगळं गाव पायाखाली दिसतं, पांढरीशुभ्र चुना मारलेली घरं, एकाच्या छपराच्या पातळीवर दुसऱ्याचं अंगण. लोक तिथं फोटो काढत होते, मी पण काढत होते, आणि आई एकदम म्हणाली, "आगं बया, ही तर माळवदं हायती की समदी!"

मी बघितलं तर खरंच. एकाही घराला कौल नाही. सगळी छपरं सपाट, आणि त्यावर करडी निळसर माती.

आईचं माहेर दहिवडीजवळ. आजोबांचं घर माळवदाचंच होतं, जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी दरवर्षी नवी पांढरी माती आणून टाकायची, पाय देऊन दाबायची, पाणी कुठं मुरतंय का बघायचं. उन्हाळ्यात आत गारवा आणि रात्री सगळं घर वर झोपायला. मी लहानपणी त्यावर झोपलेली आहे, उजेडाच्या सवण्यातून खाली स्वयंपाकघरात वाकून बघायचे म्हणून मार पण खाल्लाय. आता ते घर नाही, मामानं पाडून स्लॅब टाकला, आणि त्याला नावं ठेवत नाही मी, माती टाकायला माणसं मिळत नाहीत आणि गळक्या घरात राहायचं कोणी. पण एप्रिल-मेमध्ये त्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही ही पण खरी गोष्ट आहे.

तर इथं त्या मातीला लाउना म्हणतात. पाटीच्या दगडाची झीज होऊन झालेली चिकणमाती, त्याच डोंगरात मिळते. आम्ही जिथं उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, आईच्याच वयाच्या असतील, भावानं स्पॅनिशमध्ये त्यांना सांगितलं की आमच्या आईच्या माहेरी अशीच घरं होती, तर त्यांनी आम्हाला सरळ वर छपरावर नेलं. आई खाली बसली, चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरून बघितली. कोरडी माती अगदी भुगा, पिठासारखी, हाताला चमक राहते. मग बाटलीतलं चार थेंब पाणी तळहातावर घेऊन मळली तर लगेच चिकट झाली, गोळी वळली गेली. मालकीणबाई हसायला लागल्या आणि त्यांनी हातानं दाखवलं की पाऊस पडला की ही अशीच घट्ट बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. आई मराठीत बोलत होती, त्या स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, भाऊ मध्ये भाषांतर करायला गेला तर आई म्हणाली, "तू गप आरं, कळतंय मला." छपराच्या कडेला पाटीच्या दगडाच्या लाद्या पुढं काढलेल्या, म्हणजे पाणी भिंतीवर येत नाही. आत खाली आलो तर वर चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया. पाला तेवढा नाही, त्याच्या जागी लाकडी फळ्या आणि दगडाच्या लाद्या, बाकी सगळं तेच. आणि धुराडी फार गोड आहेत, गोल नळकांडं, वर दगडाची टोपी आणि टोपी उडू नये म्हणून तिच्यावर एक धोंडा.

ही बांधणी मूळची उत्तर आफ्रिकेतली, तिकडच्या डोंगरात बर्बर लोकांची घरं अशीच असतात असं भावानं सांगितलं. या भागावर शेकडो वर्षं मुसलमान राजवट होती, १४९२ ला ग्रानादा पडलं आणि शेवटचा सुलतान बोअब्दिल याला राहायला हाच आल्पुहारा दिला होता, पुढच्याच वर्षी तो इथून कायमचा मोरोक्कोला निघून गेला. मागं जे राहिले त्यांना जबरदस्तीनं ख्रिश्चन केलं, भाषा-कपडे-चालीरीती सगळ्यावर बंदी आणली, मग १५६८ ला त्यांनी याच डोंगरात बंड केलं, १५७१ पर्यंत चाललं आणि मोडलं गेलं. सगळ्यांना इथून हाकलून स्पेनच्या दुसऱ्या भागातून माणसं आणून वसवली. असं सांगतात की प्रत्येक गावात दोन कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, कारण नवीन आलेल्यांना इथले पाट कसे चालवायचे ते माहीतच नव्हतं. हे ऐकल्यावर मला तिथल्या पाण्याकडं बघताना कसंतरीच झालं, म्हणजे माणसं घालवली पण त्यांच्या पाण्यावर गावं आजपर्यंत जगतायत.

पाण्याबद्दल तर वेगळं लिहायलाच पाहिजे. या पाटांना आसेकिया म्हणतात, शब्द अरबीच आहे. वर डोंगरात बर्फ वितळलं की ते पाणी पाटानं आडवं आडवं फिरवून गावांच्या शेतांपर्यंत आणतात, कोणाची पाळी कधी हे ठरलेलं, पाळी बघायला एक माणूस, म्हणजे आपला पाटकरीच. पण मला सगळ्यात भारी वाटली ती दुसरी पद्धत, तिला कारेओ म्हणतात. वसंतात बर्फाचं पाणी भरपूर असतं तेव्हा ते सगळं खाली सोडायचं नाही, उंचावरच्या पाटांमधून नेऊन ठरलेल्या जागी जमिनीत जिरवायचं, ते डोंगराच्या पोटातून हळूहळू सरकत उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना येतं. पाणी अडवा पाणी जिरवा! हजार वर्षांपूर्वीपासूनचं! मधल्या काळात गावं ओस पडायला लागली, पाट बुजले, तर आता ग्रानादा विद्यापीठाची माणसं, गावकरी आणि बाहेरून आलेली पोरं मिळून ते पाट फावड्यानं परत मोकळे करतायत, भाऊ पण दोन रविवार जाऊन आलाय. त्यानं फोटो दाखवले तर आईला आमच्या माण तालुक्यातली टाकेवाडी आठवली, २०१८ ला पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत वॉटर कप मारला त्यांनी, तेव्हा मामा रोज पहाटे श्रमदानाला जायचा. फोटोतली माणसं तशीच, वाकून खणणारी, एकाच्या डोक्याला रुमाल बांधलेला.

कापिलेइराहून बुबियोन आणि तिथून पांपानेइरा अशी उतरती पायवाट आहे, मध्ये थांबत दोन तास धरा. चेस्टनटची आणि अक्रोडाची झाडं, पडलेली चेस्टनट काट्याच्या कवचासकट वाटेवर, दगडी बांधाचे छोटे छोटे तुकडे, बऱ्याच ठिकाणी पडीक. आईला गुडघ्याचा त्रास आहे म्हणून ती बुबियोनला बसमध्ये बसली आणि आम्ही चालत उतरलो. पांपानेइरामध्ये एका गल्लीत मधोमध पाण्याची चारी वाहते, बारीक, खळखळ आवाज करत, दोन्ही बाजूनी लोकांच्या दारातल्या कुंड्या. आणि तिनही गावात गल्लीवरच खोल्या बांधलेल्या असतात, एका घरातून दुसऱ्या घराकडं तुळया टाकून, खालून बोळासारखी वाट, त्याला तिनाओ म्हणतात, पाऊस आला की लोक खाली उभे राहतात. १९८२ ला तिन्ही गावं ऐतिहासिक म्हणून सरकारनं संरक्षित केली. नवीन घरांना आत काँक्रीट असतं पण वरून लाउनाच टाकलेली दिसते.

खरेदी म्हणाल तर हारापा घ्या. जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडून मागावर विणलेल्या सतरंज्या असतात, रंगीबेरंगी, पांपानेइरात दुकानाबाहेर भिंतीवर टांगलेल्या. आईनं उलटी करून कड तपासली, गाठी बघितल्या, मग एक घेतली. वाकळ वेगळी, ती शिवलेली असते, पण जुनं लुगडं वाया घालवायचं नाही हा हिशोब दोन्हीकडं तोच.

जेवण. इथं तयारीनं जा. इथली फेमस थाळी म्हणजे अंडी, तळलेले बटाटे आणि डुकराचे तीन-चार प्रकार, आणि वर त्रेवेलेस नावाचं गाव आहे तिथलं डोंगराच्या हवेत वाळवलेलं हामोन म्हणजे डुकराची मांडी, ती प्रत्येक हॉटेलात छताला टांगलेली. भावाला आवडतं. आई माळकरी. एका हॉटेलात आम्ही भावाकडून नीट सांगून घेतलं की मांस नको, वेटर हो म्हणाला आणि पावट्यासारख्या दाण्यांची भाजी आणली तर त्यात हामोनचे बारीक तुकडे. त्याला विचारलं तर म्हणे हे मांस कुठं आहे, हे चवीपुरतं आहे. आईनं ताट बाजूला सारलं आणि पुढचे दोन तास पाणी सुद्धा प्यायली नाही, मला फार वाईट वाटलं, आणि अर्धा स्टार यासाठीच कापला. म्हणून सांगते, फक्त मांस नको म्हणून भागत नाही, हामोन नको असं वेगळं सांगा, "सिन कार्ने, सिन हामोन". बाकी बटाट्याची एक भाजी मिळते, गरिबाचे बटाटे असं नाव आहे, ढोबळी मिरची-कांदा आणि ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेली, ती आणि पाव आईनं तीन वेळा खाल्ला. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि तेल, ते पण मस्त. दुपारी चारनंतर संध्याकाळी आठपर्यंत स्वयंपाकघर बंद असतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना हे लक्षात ठेवा, आमच्याकडं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. गावातल्या नळकोंड्याचं पाणी थेट डोंगराचं, गार आणि गोड, बाटलीचं पाणी विकत घ्यायची गरजच पडली नाही.

राहण्याबद्दल एक तक्रार आहे. ज्या ॲपवरून बुक केलं त्यावर स्टॉपपासून तीन मिनिटं असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात खडी चढण, दगडी पायऱ्या आणि गाडी जात नाही अशी गल्ली, बॅगा घेऊन वीस मिनिटं गेली. मालकीणबाईंचा यात दोष नाही, त्या स्वतः खाली येऊन आईची बॅग घेऊन वर चढल्या. पण कोणी वयस्कर बरोबर असेल तर मुक्काम पांपानेइरात करा, तिथं स्टॉपपासून चौक जवळ आहे, आणि कापिलेइराला बसनं वर जाऊन या. चाकाची मोठी बॅग ग्रानादालाच ठेवा. रात्री थंडी वाजते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वेटर आणि कानटोपी पाहिजेच.

एक दिवसात होतं का, तर होतं, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येणारे पुष्कळ दिसले. पण दुपारची गर्दी गेल्यावर गाव काय असतं ते त्यांना कळत नाही. आम्ही दोन रात्री राहिलो, संध्याकाळी धुराड्यातून लाकडाचा धूर यायला लागला, खाली दरीत घंटा वाजवत शेळ्या परत आल्या, आई दारातल्या दगडावर बसून राहिली. बोलली काहीच नाही, मी पण विचारलं नाही.

आल्या आल्या तिनं मामाला फोन करून सगळं सांगितलं, मातीचा रंग, लाद्या, पाट, आणि विचारलं की ओढ्याकाठची पांढऱ्या मातीची खाण अजून आहे का बुजवली. आहे म्हणे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत जायचं ठरतंय, तेव्हा वर पाणी जिरवायचं काम चालू असतं ते बघायचंय. मामाचा पासपोर्टचा अर्ज गेल्याच आठवड्यात भरला.