रामबागेतला छोटा फिल्म क्लब आणि वीरा साथीदारांचा 'कोर्ट'

इंदूरमध्ये मराठी नाटकाची हौस सानंद या संस्थेमुळे छान भागते, पण मराठी सिनेमा म्हटला की मॉलमधे एखादा अवेळचा शो, तोही मोठ्या नावांचाच, आणि पुढच्या शुक्रवारी गायब. म्हणून रामबागेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर जे काका-काकू महिन्यातून एकदा पिक्चर दाखवतात त्यांच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. त्यांची पद्धत मला फार आवडते, ते दर महिन्याला एक नट किंवा नटी निवडतात, जास्त करून असा माणूस ज्याचं काम आपण बघितलेलं असतं पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, आणि त्या माणसाच्या आयुष्यावर दोन पानं टाईप करून प्रत्येकाच्या हातात देतात.

एप्रिलमधे त्यांनी वीरा साथीदार निवडले. तारीख मुद्दाम आंबेडकर जयंतीच्या आठवड्यातली, म्हणजे इकडे महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी, जाणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असतात तेव्हाची. साथीदार गेले १३ एप्रिल २०२१ ला, नागपूरच्या एम्समधे, कोरोनाने, जयंतीच्या बरोबर आदल्या दिवशी. ज्या माणसाने अख्खं आयुष्य आंबेडकरी चळवळीत घातलं त्याच्या बाबतीत ही तारीख वाचून मला तर पुढचं वाचवेना.

ते मुळात नट नव्हतेच. वडील नागपूर स्टेशनवर हमाल, आई बांधकामावर मजूर, हे स्वतः कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने आपल्या पहिल्याच पिक्चरसाठी त्यांना नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर दिला आणि २०१४ मधे 'कोर्ट' व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला जाऊन दोन बक्षिसं घेऊन आला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, मग ऑस्करला भारताकडून एन्ट्री. आणि एवढं सगळं होऊन साथीदारांचं नाव किती घरांत पोचलं? माझ्या ओळखीत तरी कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षीचं अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक कन्नडच्या संचारी विजयला मिळालं होतं, तोही असाच गुणी आणि तोही २०२१ च्याच जूनमधे अपघातात गेला. एकाच वर्षात दोघं, आणि दोघांबद्दल आपल्याकडे काही बोलणंच नाही.

मी 'कोर्ट' आधी मोबाईलवर बघितला होता, तुकड्या-तुकड्यांत. इथे मोठ्या पडद्यावर बघताना पहिल्यांदा कळलं की साथीदार काय करतायत. सुरुवातीला ते मुलांची शिकवणी घेतात, मग बसने जातात, मग स्टेजवर चढून गातात आणि गाणं चालू असतानाच पोलीस येतात. गाणी संभाजी भगतांची आहेत, पण ती म्हणताना मान, हात, पाय रोवून उभं राहणं हे सगळं अशा माणसाचं आहे ज्याने खऱ्या वस्त्यांत खऱ्या माणसांसमोर आयुष्य काढलंय, ते ॲक्टिंगच्या क्लासमधे शिकवता येणार नाही. आरोप काय तर त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. त्यानंतर कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकीलबाईंच्या घरी जातो (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय त्यांनी!), जजच्या सहलीलासुद्धा जातो, पण कांबळे बराचसा वेळ नुसता आरोपी म्हणून उभा आहे. कोर्टात साथीदार जवळजवळ काहीच करत नाहीत. विचारलं की तेवढंच उत्तर, आवाज चढत नाही, विनवणी नाही, चेहऱ्यावर राग पण नाही, तरी नजर त्यांच्यावरच जाते. मोठमोठ्या नटांना तारखेवर तारीख मिळणाऱ्या माणसाचा थकवा असा दाखवता येत नाही.

आणि मृत कामगाराच्या बायकोची साक्ष. उषा बाने यांनी केलीय, त्यांचे स्वतःचे मिस्टर पण याच कामात गेलेले. त्या सांगतात की नवरा आत उतरण्याआधी दगड टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. हॉलमधे कोणी हललं नाही. आपण देशातलं सर्वात स्वच्छ शहर म्हणून दरवर्षी नंबर लावतो, मला पण अभिमान आहे, पण हा सीन इंदूरच्या प्रत्येक माणसाने एकदा बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी करणारा कायदा २०१३ चा, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या हा सुप्रीम कोर्टाचा निकाल मार्च २०१४ चा, पिक्चर त्याच वर्षीचा, आणि २०२३ मधे कोर्टाला ती रक्कम ३० लाख करावी लागली म्हणजे माणसं मरायची थांबलेली नाहीत. पिक्चर संपल्यावर काकांनी हे सगळं शांतपणे सांगितलं, भाषण न करता, मग लोक आपणहून बोलायला लागले, एका मावशींनी विचारलं की आपल्या गल्लीतलं चेंबर साफ करायला कोण येतं, कधी बघितलंय का आपण त्याला नीट. अर्धा तास त्याच्यावरच बोलणं चाललं.

आता खटकलेलं. 'कोर्ट' दोन तासांच्या आतबाहेरचा आहे, त्याला मधे इंटरव्हल नकोच, पण त्यांनी चहासाठी थांबवला आणि तोही खटल्याच्या मधोमध. या पिक्चरमधे कॅमेरा एका जागी ठेवून लांब लांब शॉट घेतलेत, कोर्टातलं ते वाट बघणं अंगात मुरायला लागलं की नेमके लाईट लागले, सगळा परिणाम गेला. चहा आधी द्या ना, काकू. दुसरं म्हणजे स्पीकर डाव्या बाजूला एकच, मागच्या रांगेत वकिलांचं बोलणं अर्धं कळत नाही, सबटायटल वाचूनच काम चालवावं लागतं. जिना अरुंद आणि अंधारा आहे, वयस्कर मंडळींनी कोणाला तरी सोबत घेऊन जावं. गाडी आत आणू नका, जागा नाही.

तिकीट १५० रुपये, चहा आणि ती दोन पानं त्यातच. स्टुडंट असाल तर काकू पैसे घेतच नाहीत. खुर्च्या थोड्या आहेत, मेसेज करून नाव आधी लिहून ठेवा, आणि शक्यतो पुढच्या दोन रांगांतली जागा मागा.