थ्रीडी प्रिंटचं प्लेनर हेड: कामाचं किती, शोभेचं किती

गेमची पात्रं काढणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली एक करडं, कोनाकोनांचं डोकं हमखास दिसतं. त्याला प्लेनर हेड म्हणतात. कपाळ, कानशील, गालाचं हाड, नाकाच्या बाजू, हनुवटी, सगळं सपाट तुकड्यांत, म्हणजे प्लेनमध्ये, मोडलेलं. यातलं सगळ्यात प्रसिद्ध डोकं चित्रकार जॉन असारो यांनी घडवलेलं आहे. त्याची एक बाजू मोजक्या, मोठ्या प्लेनची आणि दुसरी बारीक प्लेनची असते. पण असारोंच्या डोक्याची थ्रीडी फाइल कुणी कुठून तरी उतरवली म्हणून ती छापायला हरकत नाही, असं होत नाही. खुल्या परवान्याची प्लेनर हेडं नेटवर मिळतात, ती घ्यावीत. छापून देणारा परवान्याबद्दल विचारत बसत नाही, तेव्हा ते आपणच पाहायचं.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गाळ्यांत किंवा नवी मुंबईत महापे-रबाळे पट्ट्यात फाइल दिली की पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापून मिळतं. हे परीक्षण अशा १५ सेंमी उंचीच्या डोक्याचं आहे. उजेड कसा पडतो आणि मान वर-खाली झाली की चेहऱ्याचं काय होतं, हे समजायला ते उत्तम. आपलं पात्र आठही कोनांतून तेच पात्र वाटावं, हे काम मात्र ते एकट्याने करत नाही. त्यासाठी मापांचा कागद लागतोच, आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात.

आधी छपाईचं, कारण अर्धी डोकी तिथेच वाया जातात. भाव साधारण ग्रॅमवर किंवा तासावर सांगतात. १५ सेंमीचं डोकं १० टक्के इन्फिलने (आतल्या भरावाने) छापलं तर सुमारे २०० ग्रॅम भरतं. त्याहून जास्त भरीव करण्यात अर्थ नाही, शोकेसमधून पडलं तरी फुटतं ते नाकच. ऑर्डर देताना स्पष्ट सांगायचं की मान खाली, डोकं उभं छापा. सपोर्ट, म्हणजे लोंबत्या भागांखाली छापावे लागणारे आधार, वाचवायला काही जण डोकं पाठीवर झोपवून छापतात. मग चेहरा वर येतो, आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालांवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं उमटतात. आपल्याला जे प्लेन पाहायचे तेच त्यात बुडतात. उभं छापल्यावर अशा पायऱ्या टाळूवर येतात, तिथे चालतात. सपोर्टचे व्रण हनुवटीखाली, नाकाखाली आणि कानाच्या पाळीखाली राहतात, ते घासावे लागतात. ०.२ मिमीची लेअर, म्हणजे छपाईचा थर, पुरते. ०.१२ ने गुळगुळीत येतं, पण वेळ दीडपटीहून जास्त लागतो आणि पुढे प्रायमर मारायचाच असतो.

रंग मॅट करडा. सिल्क फिलामेंट (छपाईचा चकचकीत धागा) दिसायला देखणं, पण त्यावर उजेडाचे पट्टे पडतात आणि प्लेनच्या कडा हरवतात. पांढरं मोबाइलच्या फोटोत जळतं, काळ्यात सावली दिसत नाही. काहीच मिळालं नाही तर हवं ते छापून गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा प्रायमर स्प्रे मारावा. घासताना १२०, २२०, मग पाण्याने ४०० नंबरचा पॉलिश पेपर. तो बोटाने धरून घासला की कडा गोल होतात आणि विकत घेतलेलं प्लेनर हेड साधं डोकं होऊन बसतं. आइस्क्रीमच्या काडीला किंवा लाकडाच्या सपाट तुकड्याला कागद गुंडाळून एकेक प्लेन वेगळा घासायचा. कंटाळवाणं काम आहे, इलाज नाही.

आकार १० सेंमीच्या खाली नको. लहान डोक्याचा फोटो घ्यायला मोबाइल जवळ न्यावा लागतो, आणि जवळून नाक फुगतं, कान मागे पळतात. १५ सेंमीचं डोकं दीड-दोन मीटरवर ठेवून झूम करून टिपलं तर चित्र बरंच सरळ येतं. टर्नअराउंड शीटला, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या कागदाला, हेच हवं असतं, कारण मॉडेल करणाऱ्याला लागणाऱ्या समोरच्या आणि बाजूच्या चित्रांत पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणं) नसतं. एका चित्रात पर्स्पेक्टिव्ह आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की थ्रीडीवाला आपल्याच नावाने खडे फोडतो.

आता मापांचा कागद. पात्राचा चेहरा आधी बाजूने काढा, समोरून नंतर. सगळे समोरून सुरू करतात, कारण देखणेपणा तिथे दिसतो. पण नाक किती पुढे, कपाळ किती मागे, हनुवटी कुठे, कान कुठे, ही खोली फक्त बाजूच्या चित्रात असते. समोरचा चेहरा आधी पक्का केला की खोली कधी ठरतच नाही आणि प्रत्येक थ्री-क्वार्टरमध्ये, म्हणजे अर्धवट वळलेल्या चेहऱ्यात, नवी निघते. पात्र चार पानांत चार भावंडांसारखं दिसतं ते त्यामुळे. समोरचं आणि बाजूचं चित्र एकाच मापात शेजारी ठेवा. टाळू, केसांची रेषा, भुवई, डोळा, नाकाचा पाया, ओठांची फट, हनुवटी, अशा आडव्या रेषा दोन्हींतून आरपार ओढा. मान सरळ असेल तोवर कोणत्याही कोनातून या रेषा हलत नाहीत. हलतात ती फक्त आडवी अंतरं.

ती किती हलतात, ते अंदाजाने काढायची गरज नाही. समजा, पात्राचं डोकं १५ सेंमी उंच, समोरून १० रुंद, बाजूने नाक सोडून १३ खोल आहे. फिरण्याचा अक्ष खोलीच्या मधोमध, म्हणजे कानाच्या किंचित पुढे. प्रत्येक बिंदूची दोन मापं घ्या: समोरच्या चित्रात मधल्या रेषेपासून किती बाजूला, आणि बाजूच्या चित्रात अक्षापासून किती पुढे. डोकं ४५ अंशांत वळलं की नवं अंतर मिळवायला ही दोन मापं एकत्र करून ०.७ ने गुणायचं. ज्या बाजूला तोंड वळलं त्या बाजूच्या बिंदूंसाठी बेरीज, दुसऱ्या बाजूच्यांसाठी पुढच्या मापातून बाजूचं माप वजा. अक्षाच्या मागचा बिंदू असेल तर त्याचं पुढचं माप उणे धरायचं.

डोळा २ सेंमी रुंद, आतला कोपरा मध्यापासून १ वर, बाहेरचा ३ वर. आतला कोपरा अक्षापासून ५.३ पुढे, बाहेरचा ४.५, कारण डोळा गोल डोक्यावर मागे वळलेला असतो. लांबच्या डोळ्याचे कोपरे येतात ४.४ आणि ५.२५ वर, म्हणजे डोळ्याची रुंदी उरली जेमतेम ०.८५. जवळच्या डोळ्याचे येतात ३ आणि १.०५ वर, रुंदी १.९५. हा आकडा नीट बघा. जवळचा डोळा जवळजवळ समोरच्याइतकाच राहतो आणि लांबचा निम्म्याहूनही कमी होतो. नवखे दोन्ही डोळे सारखेच आखडतात, दोन्ही १.४ करतात. मग चेहरा वळत नाही, ताटावर काढून ताट तिरकं धरल्यासारखा दिसतो. नाकाचा शेंडा अक्षापासून ८ पुढे असेल तर तो ५.६ वर येतो, लांबच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्याही पलीकडे. हातून हे सहसा काढलं जात नाही. सगळ्यांना नाक चेहऱ्याच्या आतच ठेवावंसं वाटतं.

तसंच कानाचं. जवळचा कान मध्यापासून ५ वर आणि अक्षाच्या अर्धा सेंमी मागे असेल तर तो उणे ३.८५ वर येतो. पण कवटीची मागची कड उणे ५.८ च्या आसपास असते. म्हणजे कानामागे जवळपास २ सेंमी डोकं शिल्लक हवं. थ्री-क्वार्टरमध्ये पात्र मागून चापट दिसतं ते हे २ सेंमी खाल्ल्यामुळे. केस मोठे असले की चूक झाकली जाते, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते.

आकडे पटत नसतील तर प्लेनर हेडवर पडताळून बघता येतात, आणि पैसे इथेच वसूल होतात. केक सजवायचा फिरता स्टँड आणा, त्यावर कागद चिकटवून ४५ अंशांच्या आठ रेषा आखा. डोकं ठेवताना मानेचा मध्य नव्हे, कानाच्या किंचित पुढची जागा स्टँडच्या मध्यावर आली पाहिजे. मान कवटीच्या मागच्या भागाखाली असते. मानेवरून केंद्र धरलं तर फिरवताना डोकं फोटोत इकडून तिकडे सरकतं आणि दोन फोटो एकावर एक ठेवता येत नाहीत. मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. वरचा ट्यूबलाइट बंद करा, एका बाजूने एकच दिवा ठेवा. ट्यूबच्या उजेडात गालाच्या हाडाखालचा प्लेन दिसतच नाही. आणि हो, एका भुवईवरचा व्रण, एका बाजूचा भांग असलेल्या पात्राला आरशातली उलटी चित्रं चालत नाहीत. पाच चित्रं काढून बाकीची तीन उलटवायची युक्ती फक्त दोन्ही बाजू सारख्या असणाऱ्या पात्राला लागू.

मान वर-खाली होते तेव्हा मात्र आकडेमोड फार किचकट होते आणि हे छापील डोकं खरंच उपयोगी पडतं. पेन्सिलने त्यावर भुवईची आणि नाकाच्या पायाची रेषा पूर्ण डोक्याभोवती ओढा. डोकं पुढे झुकवलं की या रेषा खालच्या बाजूला फुगतात, आणि कान भुवईच्या वर चढल्यासारखा दिसतो. मागे झुकवलं की रेषा वर फुगतात आणि कान नाकाच्या पायाखाली उतरतो. मान वाकलेलं चित्र चुकलंय असं वाटलं तर आधी कान तपासा. दहात आठ वेळा चूक तिथेच असते. वर बघणाऱ्या चेहऱ्यात हनुवटीचा खालचा प्लेन, नाकाचा खालचा त्रिकोण आणि भुवईचा खालचा प्लेन, हे तीन दिसायलाच हवेत. एकही नसेल तर चेहरा लांबुळका झालाय एवढंच, वर बघत नाहीये.

या डोक्याचा खरा दोष म्हणजे ते कुणा तरी प्रौढ माणसाचं आहे. आपलं पात्र चपट्या नाकाचं, रुंद जबड्याची मावशी असेल, तर थेट बघून काढल्यावर प्रत्येक कोनात थोडी मावशी आणि थोडं ते डोकं येतं. उपाय स्वस्त आहे. क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळायची आणि त्यावर मुलांच्या प्लॅस्टिसिनने नाक, भुवईचं हाड, हनुवटी, केसांचा गोळा आपल्या मापांप्रमाणे चढवायचा. काम झालं की फिल्मसकट सगळं निघतं. गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळतो म्हणून तो लावायचा मोह होतो, लावू नये. शाडू सुकताना आकसतो आणि आत न आकसणारं प्लॅस्टिक असलं की भेगा पडतात. पावसाळ्यात तर तो धड सुकतही नाही.

मोठ्या डोळ्यांच्या, लहान हनुवटीच्या कार्टून पात्रांना हे डोकं जवळजवळ निरुपयोगी. तिथे डोळ्यांची रेषा निम्म्याच्या बरीच खाली असते आणि नाक नावालाच. अशा पात्रासाठी पैसे वाचवा आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कच्चं डोकं करा, ते फुकट आहे. गोळा घ्या, एक्स सिमेट्री (एका बाजूचा बदल दुसरीकडेही आपोआप होणं) लावून जबडा ओढा, नाक-कानाच्या जागी ठोकळे चिकटवा. कीबोर्डच्या नमपॅडवर १ समोरून, ३ बाजूने, ५ ने पर्स्पेक्टिव्ह बंद, आणि ४ किंवा ६ दर दाबण्याला १५ अंश, म्हणजे तीनदा दाबलं की थ्री-क्वार्टर. क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ च्या २.० आवृत्तीपासून चेहरा बदलता येणारं थ्रीडी हेड मॉडेल आहे. ते त्याहून झटपट, पण त्यातही पर्स्पेक्टिव्ह कमी करायला विसरू नका.

एक मात्र आहे. कार्टून शैलीत तोंड कधी गालावर सरकवलं जातं, बट दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला उडते. ते घन वस्तूचे नियम मोडूनच छान दिसतं. 'गिल्टी गियर Xrd' या गेममध्ये थ्रीडी मॉडेल असूनही कॅमेऱ्याप्रमाणे ते मुद्दाम वाकवलं आहे, हाताने काढल्यासारखं दिसावं म्हणून. तेव्हा कच्च्या मॉडेलवरून चित्र गिरवू नका. मॉडेल बघून मुद्दाम काय मोडायचं ते ठरवा आणि तो अपवाद शीटवर लिहून ठेवा, नाहीतर पुढचा चित्रकार त्याला चूक समजून दुरुस्त करेल.

सांभाळायचं म्हणाल तर पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर मान झुकलेली सापडेल. नाक तुटलं तर फेविक्विकने बसतं. सांध्यावर पुट्टी लावून घासा, पुन्हा प्रायमर मारा, आणि नाकाची लांबी मापांच्या कागदाशी एकदा ताडून घ्या.