एन स्केल की एचओ? ओटीवरच्या रेल्वेचे दहा महिने

गेल्या दिवाळीत ठरवलं, कोकण रेल्वेचा पानवलचा पूल छोट्या मॉडेल रेल्वेसह घरात उभा करायचा. स्केल कुठलं घ्यायचं, हे त्या पुलानेच ठरवलं. रत्नागिरीजवळचा हा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या मापाचा सत्त्याऐंशीवा भाग. त्यात उंची होते साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर आणि लांबी ४ मीटर ८७. एन म्हणजे १:१६०. त्यात ४० सेंटिमीटर आणि २ मीटर ६५. मला ओटीवर मिळालेली जागा आठ फूट बाय अडीच फूट. एन घेतलं, तरीही पुलाचे काही गाळे कमी करावे लागले. पण उंची पूर्ण ठेवली, कारण पानवल म्हणजे ती उंचीच.

वळणाचा हिशोबही तसाच. एचओला सहसा १८ इंचाची त्रिज्या लागते, लांब डब्यांना त्याहून जास्त. अडीच फुटांच्या फळीवर तो गोल बसतच नाही. एनचे ३१५ मिलिमीटर त्रिज्येचे रूळ आरामात बसले. एलएचबी, म्हणजे आपल्या नव्या पद्धतीचा प्रवासी डबा, साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओत २७ सेंटिमीटर आणि एनमध्ये साधारण १५. इंजिन आणि दहा डबे जोडले तरी सगळी गाडी एका नजरेत मावते. पुलावरून जाणारी गाडी लांबलचक दिसावी एवढीच माझी हौस होती, आणि ती फिटली.

एक गोष्ट आधीच सांगतो, रूळ कुठल्याच स्केलमध्ये आपले नाहीत. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ आणि एनचे ९ मिलिमीटरचे रूळ दोन्ही परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या मापाचे. एचओत खरं तर १९ मिलिमीटरच्या वर हवेत. हा फरक एचओत डोळ्यांना खुपतो, एनमध्ये दीड मिलिमीटरचाच असल्याने चटकन कळत नाही.

आता पावसाळा. मी पहिल्यांदा स्वस्त म्हणून पितळी रूळ मागवले होते. विकणाऱ्याने खाऱ्या हवेबद्दल अवाक्षर काढलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते काळपट पडले आणि रुळांतूनच वीज घेणारं इंजिन प्रत्येक सांध्यावर अडायला लागलं. एनचं इंजिन हलकं, चाकं बारीक, त्यामुळे जरासा मळही त्याला सोसत नाही. एचओचं वजनदार इंजिन तेवढ्यावरून निघून जातं. आता निकेल सिल्व्हरचे (तांबं, निकेल, जस्ताच्या मिश्रधातूचे) रूळ टाकलेत, तरी पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती फडकं फिरवावंच लागतं. थंडीत पंधरवड्यातून एकदा पुरत होतं. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांनी किनाऱ्यावर राहून एनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. फळी मात्र मरीन प्लायचीच घ्या आणि कडांनाही रंग द्या. कडा कोऱ्या राहिल्या की तिथूनच पाणी धरतं.

मातीचं जरा सविस्तर सांगतो. डोंगर करायला आमच्याच परड्यातली तांबडी माती वापरली. एनमध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे सोळा सेंटिमीटरचा दगड, म्हणून ती वस्त्रगाळच करावी लागते. दोनदा गाळून कागदावर पसरली आणि सहज म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक वरून फिरवलं. त्याला काळ्या बारीक कणांची दाढीच फुटली! हे कण मोटरमध्ये ओढले गेले असते तर इंजिन गेलंच असतं. चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत सहा वेळा फिरवलं. चुंबकाला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे कण झटकता येतात.

एनची खरी उणीव म्हणजे आपल्या गाड्या मिळत नाहीत. एचओत भारतीय डबे, इंजिनं थोडीफार तरी मिळतात. एनमध्ये मी अमेरिकन डिझेल इंजिन घेऊन रंगवलं. डब्यांचा निळा रंग तीन वेळा खरवडून काढला, तेव्हा कुठे मनासारखा जमला. माझ्या पुतण्याला, तो नऊ वर्षांचा, डबे रुळांवर नीट चढवता येत नाहीत. घरात लहान मूल असेल किंवा आपलीच गाडी हुबेहूब हवी असेल, तर एचओ घ्या आणि पुलाऐवजी एखादं छोटं स्टेशन करा.

परवा गणपतीसाठी ओटी मोकळी करायची वेळ आली. फळी मी मुळातच चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत केली होती. मधले चार बोल्ट काढले, भाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या. पूल बसवलेलाच होता. माजघराचं दार ठेंगणं, वाकून, तिरकं धरून दोन्ही तुकडे आत नेले. एकही खांब हलला नाही.