जुळे सोलापुरातली अभ्यासिका, पहाटे साडेपाचला

पाचपैकी साडेतीन तारे. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी तक्रारच आहे आणि ती चालवणारे काका माणूस चांगला आहे.

मी ह्यूस्टनला नर्स. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मे महिन्यात रजा टाकून आले, पण डीएनपीला रजा नव्हती. डीएनपी म्हणजे नर्सिंगमधली प्रॅक्टिस डॉक्टरेट. पीएचडीवाले नवं संशोधन करतात. आम्ही झालेलं संशोधन पेशंटपर्यंत पोचवायचं आणि फरक पडला का ते मोजायचं. माझा प्रोजेक्ट एवढाच: पहिलं बीपी जास्त आलं तर पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घ्यायचं. आता गर्दीच्या ओपीडीत ती पाच मिनिटं आणायची कुठून, यावर माझी साठ पानं झालीत. वर पदवीनंतरचे १००० तास प्रत्यक्ष कामाचे भरायचे, तेही आठवड्याच्या बारा-बारा तासांच्या तीन ड्यूट्या सांभाळून.

तिकडचा संध्याकाळी सातचा वर्ग इथं पहाटे साडेपाचला. घरात आई, तिचा वॉकर आणि बघायला येणारी माणसं. म्हणून ही चोवीस तासांची अभ्यासिका. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला दिवा नि प्लग, एसी नाही पण कूलर दणदणीत. काकांनी पंधरा दिवसांचेच पैसे घेतले, कुरकुर न करता. पोरं एमपीएससीची. एकानं विचारलं, "मॅडम, कुठली पोस्ट?" सांगितल्यावर म्हणाला, "डॉक्टर झाल्यावर सुई कोण टोचणार मग?" मीच की!

आता तक्रार. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, वायफाय बसतं. राउटरची वायर इन्व्हर्टरला जोडलेलीच नाही! दोनदा मोबाइलच्या नेटवर वर्ग काढला. आत बोलायला बंदी, ते बरोबरच आहे. त्यामुळे प्रेझेंटेशन जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर. चौथ्या स्लाइडला पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं पाणी, सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू. वर्गाच्या मॅडमनी तिकडून विचारलं, "जवळ विमानतळ आहे का?"

राउटरचं काकांना सांगितलं. "सोमवारी करून टाकू, ताई." दोन सोमवार झाले.